कबुतरं न बसलेला कठडा

नोकरी सोडून बरीच वर्षं झाली. आता लोक भेटले की म्हणतात, साहेब, एखादी केस सांगा ना. त्यांना हवा असतो गोळीबार, टोळी, निदान एखादा खून. आणि माझ्या डोक्यात पहिल्यांदा येते ती उल्हासनगरची कबुतरांची केस. पेपरात चार ओळीसुद्धा आल्या नव्हत्या तिच्याबद्दल. पण मनातून जात नाही, त्याला मी काय करू?

दोन हजारचं दशक संपत आलं होतं. मी उल्हासनगरातल्या एका पोलीस ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. कॅम्प एकचा काही भाग आमच्या हद्दीत यायचा. सिंधी व्यापाऱ्यांची वस्ती. सकाळी शेठ दुकानावर जातो, बरेचदा शेठाणीही गल्ल्यावर बसते, आणि घरात उरतात म्हातारी माणसं आणि कामवाल्या बाया. त्या वर्षी भरदिवसा घरफोड्या वाढल्या होत्या. मग ज्याला परवडेल त्याने घराला कॅमेरे बसवायला सुरुवात केली.

कॅमेऱ्यांना आमची ना नव्हती. ना होती त्या भोंग्याला. कॅमेऱ्यासमोर काही हललं की भोंगा वाजायचा, आणि त्याला जोडलेलं एक यंत्र आपणहून फोन लावायचं. पहिला फोन मालकाला, मग त्याच्या भावाला किंवा मेव्हण्याला, आणि बसवणारा माणूस कुणाला न विचारता पुढचा नंबर टाकून द्यायचा आमच्या ठाण्याचा. फोन उचलला की रेकॉर्ड केलेली एक बाई गोड आवाजात सांगायची, घर में कोई घुसा है, कृपया मदद भेजिए.

आता पोलीस ठाण्यात फोन आला की तो सोडून देता येत नाही. स्टेशन डायरीला नोंद करा, गस्तीवरच्या बीट मार्शलना पाठवा, त्यांनी परत येऊन काय दिसलं ते सांगायचं, त्याची पुन्हा नोंद. आणि दिसायचं काय? मांजर. पडदा. वाळत घातलेली साडी. उन्हात हलणारी झाडाची सावली. आमचा ठाणे अंमलदार म्हणजे एक जुना, निवृत्तीला आलेला हवालदार. फोन ठेवून तो माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "साहेब, परत ती बाई. तिच्याशी आता माझं लग्न लावून द्या, तेवढंच राहिलंय."

सगळ्यात जास्त फोन यायचे ते एका कापडवाल्या शेठच्या घरून. जोडघर होतं. म्हणजे दोन घरांची मधली भिंत एकच, आणि वर गच्च्याही लागून, मधे फक्त कमरेएवढा सामाईक कठडा. शेठची आई, तिला सगळी गल्ली अम्मा म्हणायची, रोज सकाळी गच्चीवर कबुतरांना दाणे घालायची. सिंधी घरांत हे पुण्याचं काम मानतात, एक दिवस चुकवत नाहीत. गच्चीवरच्या कॅमेऱ्याला मात्र पुण्याचं काय कळतंय. कबुतरांचा थवा उतरला की भोंगा सुरू, आणि आमच्याकडे ती बाई बोलायला लागली.

शेजाऱ्यांनी तक्रार अर्ज दिला. मी शेठला बोलावून घेतलं. बिचारा हात जोडूनच आत आला. "साहब, मैं क्या करूँ, अम्मा को बोला दाना नीचे चौक में डालो. बोली, मेरे कबूतर चौक में नहीं जाते."

मी म्हटलं, अम्मांना काही बोलू नका, कॅमेऱ्याला बोला. तोवर मला या विषयातलं दोन पैशांचं ज्ञान झालं होतं, रोज तेच ऐकून. कॅमेरा झाडाकडे, दोरीवरच्या कपड्यांकडे, थेट उन्हाकडे लावायचा नाही. तो किती बारीक हालचालीला जागा होतो, ते कमी करता येतं. आणि पडद्यावर चौकोन चौकोन पाडलेले असतात, त्यातले नको ते चौकोन बंद करता येतात. बंद केलेल्या चौकोनांत हत्ती नाचला तरी भोंगा वाजत नाही. यंत्रातली जागा वाचावी म्हणून रेकॉर्डिंगही हालचाल टिपली तरच व्हायचं, त्यामुळे तिथलं काही नोंदलंही जात नाही.

शेठने अंबरनाथहून कॅमेरेवाल्याला बोलावलं, त्याने घरी जाऊन ते चौकोन बंद केले, दारांतून कोणी आलं-गेलं तर भोंगा न वाजता नुसतं रेकॉर्डिंग व्हावं असं केलं, आणि फोन थांबले. हवालदार पुढचे कितीतरी दिवस खुशीत होता. ठाण्यात शांतता म्हणजे काय सुख असतं ते नोकरी केल्याशिवाय कळत नाही.

आणि मग तेच शेठ एक दिवस बायकोला घेऊन ठाण्यात आले. अम्मांच्या कपाटातल्या सोन्याच्या बांगड्या गेल्या होत्या. जुन्या, जाड, अम्मांच्या माहेरच्या. शेठाणीला नात्यातल्या लग्नात अम्मांच्या हातात त्या घालायच्या होत्या, म्हणून कपाट उघडलं तर डबी रिकामी. कुलूप तुटलेलं नाही, काही विस्कटलेलं नाही.

"साहब, बाहर का कोई नहीं आया," शेठ ठामपणे म्हणाले. "कॅमेरे में सब देखा मैंने. आगे का दरवाज़ा, पीछे का, छत. कोई नहीं. सिर्फ़ कामवाली आती है, जाती है."

झालं. गुन्हा दाखल झाला, नोकराने केलेली चोरी, भादंवि कलम ३८१. आणि आरोपी कोण ते फिर्यादीतच लिहून आलं.

ती कामवाली बाई मूळची बारवी धरणाकडच्या एका वाडीवरची. नवरा बिगारी काम करायचा. उल्हासनगरात एक खोली भाड्याने घेतलेली, आणि चार घरची धुणीभांडी. महिला पोलिसाने तिला सकाळी आणलं तेव्हा तिचे हात अजून ओले होते, पदराला पुसत होती. शेठच्या घरी चौकशी झाली तशी ती बाकीच्या तिन्ही घरी कळली, आणि संध्याकाळपर्यंत तिन्ही घरांनी तिला येऊ नको म्हणून निरोप पाठवला. चोरीचा आळ आलेल्या बाईला कोण दारात उभं करणार? आणि अटक झाली तर वाडीवर सासरचे घरात घेणार नाहीत, हे ती स्वतःच मला सांगत होती.

मी तिला तेच तेच प्रश्न उलटसुलट विचारले. आमच्या कामात एक गोष्ट सवयीने कळायला लागते. खोटं बोलणारा माणूस दर वेळी आपला जबाब थोडा सुधारतो. आधी राहिलेली भोकं बुजवतो, नवीन साक्षीदार आणतो. ही बाई दर वेळी तेच सांगत होती, आणि तितकंच वेडंवाकडं.

"मी कपाटाला हात पन लावला नाय सायेब. फडका पन अम्मा सोता मारतात त्याला. तुमी इचारा ना अम्मांना."

"अम्मांना विचारलं. अम्मा म्हणतात, जाऊ द्या, गरीब आहे, केस करू नका."

 ती हळू आवाजात म्हणाली, "जाऊ द्या म्हनल्या? म्हंजे मीच घेतल्या, असा झाला ना."

खरं होतं तिचं. अम्मांच्या त्या दयेनेच तिच्यावरचा संशय पक्का केला होता. शेठ तर मला म्हणालेच होते की बघा, अम्मा रोज तिच्याबरोबर असते, तिलाही कळलंय कोणी घेतलं ते, पण मन मोठं आहे तिचं.

कायद्याप्रमाणे दिवस मावळल्यावर बाईला ठाण्यात ठेवता येत नाही. मी तिला उजेड असतानाच घरी पाठवलं, उद्या सकाळी परत ये म्हटलं. वरिष्ठांकडून फोन येऊन गेला होता. शेठची वट होती, व्यापारी मंडळींनी आवाज उठवला होता. वरिष्ठ म्हणाले, "कशाला वेळ घालवताय? उद्या अटक दाखवा, पोलीस कोठडी घ्या, आपोआप बोलेल." माझी ती सगळी वर्षं अशीच गेली, कुणीतरी आपोआप बोलेल म्हणून. मी थकलो होतो खरं सांगायचं तर. अटक दाखवणं सोपं होतं, कागद तयार होते, आणि मला घरी बदलापूरला जाऊन नुसतं झोपायचं होतं.

पण अंबरनाथचा तो कॅमेरेवाला बाहेर बसला होता. रेकॉर्डिंग पंचनाम्याला हवं म्हणून त्याला दुपारी यंत्रासकट बोलावलेलं. त्याला सोडायच्या आधी म्हटलं, एकदा दाखव तरी.

त्याने दाखवलं. पुढचं दार, मागचं दार, बाई येते, बाई जाते. मग गच्ची. रोज सकाळी अम्मा दाण्यांचा डबा घेऊन गच्चीच्या दारातून बाहेर येतात, दोन पावलं टाकतात, आणि चित्र संपतं. पुढचं चित्र अम्मा परत आत जातानाचं. मधलं काही नाही.

"मधलं कुठाय?"

"साहेब, मधे अम्मा जिथे असतात तो भाग बंद केलाय ना. कबुतरांचा."

"दाखव कुठला भाग."

त्याने चौकोन काढून दाखवले. गच्चीच्या मधोमध एक मोठा तुकडा बंद होता, तिथे दाणे पडतात, समजलं. पण त्याशिवाय सामाईक कठड्याचा अख्खा पट्टाही बंद होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"हा पट्टा कशाला?"

"अम्मा बोलल्या, तिकडे पण कबुतरं बसतात. मी बोललो, अम्मा, एवढं बंद केलं तर कॅमेऱ्याचा उपयोग काय. तर बोलल्या, तू बंद कर, मुझे रोज़ की चिल्लाचिल्ली नहीं चाहिए. शेठ दुकानावर होते. मी करून टाकलं."

अजून उजेड होता. मी मोटरसायकल काढली आणि शेठच्या घरी गेलो. दार अम्मांनीच उघडलं. शेठ-शेठाणी दुकानावर होते. मी म्हटलं, गच्ची बघायची आहे.

उल्हासनगरात राहिलेल्या माणसाला कबुतरं सांगावी लागत नाहीत. जिथे ती बसतात तिथे पांढरं होतं. गच्चीचा मधला भाग तसा पांढरा होता, पाण्याच्या टाकीवर नुसता थर होता. आणि सामाईक कठडा? त्यावर एक ठिपका नाही. गुलाबी रंग होता तसा. शेजारणीचं एक गलेलठ्ठ मांजर कठड्यावर अंग पसरून पडलं होतं. ते तिथे असताना कुठलं कबुतर मरायला जाणार आहे? एका ठिकाणी मात्र कठड्याचा रंग घासून गेला होता, कुणी रोज कोपर टेकवून उभं राहिल्यासारखा.

अम्मा हळूहळू जिना चढून वर आल्या. मी त्यांना टाकीच्या कडेला बसायला जागा करून दिली.

"अम्मा, इथे कबुतरं बसतात म्हणालात ना तुम्ही?"

"हाँ. बैठते हैं."

"मग इथे घाण का नाही?"

अम्मांनी कठड्यावरच्या मांजराकडे बघितलं. मी घाई केली नाही. म्हाताऱ्या माणसाला प्रश्नांवर प्रश्न विचारले की ते हट्टाला पेटतं, आणि आपण जरा गप्प बसलो की त्याला आपणहून बोलावंसं वाटतं. थोड्या वेळाने मी म्हटलं, "उद्या सकाळी मी त्या बाईला अटक करणार आहे. मग कोर्ट, मग कोठडी. जामीन द्यायला तिचं कोणी नाही. किती दिवस आत राहील सांगता येत नाही."

"पर छूट जाएगी ना?" अम्मांनी झटकन विचारलं. "उसने तो कुछ किया ही नहीं."

"तुम्हाला कसं माहीत?"

सगळी गल्ली म्हणत होती, घेतल्या असतील तिनेच. तिला ठाण्यातून न्यायला आलेला तिचा नवराही मनातून साशंक होता, मला दिसत होतं ते. शंभर टक्के खात्रीने तिची बाजू घेणारं एकच माणूस होतं, आणि ते माझ्यासमोर बसलं होतं. अम्मांनाही कळलं आपण काय बोलून गेलो ते. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि रडायला लागल्या.

मग सगळं बाहेर आलं. अम्मांना एक मुलगी होती, शेठची धाकटी बहीण. तिने अंबरनाथच्या एका मराठी बौद्ध घरातल्या मुलाशी आपल्या मनाने लग्न केलं होतं. मुलगा चांगला, कारखान्यात कायम नोकरी, तिला सुखात ठेवलेली. पण शेठने तिचं नाव टाकलं होतं. या घराची पायरी चढायची नाही, आणि अम्मांनीही तिकडे जायचं नाही. कितीतरी वर्षं अम्मांनी ते ऐकलं. मग शेजारणीने, अम्मांच्या वयाच्याच, वाट काढली. मुलगी शेजारच्या घरात येणार, त्यांच्या गच्चीवर जाणार, आणि अम्मा आपल्या गच्चीवर कबुतरांना दाणे घालायला. कठड्याच्या या बाजूला आई, त्या बाजूला मुलगी.

"तेरे कॅमेरे आए," अम्मा म्हणाल्या, जणू ते मीच बसवले होते, "तो मेरी बेटी का आना बंद हो गया. भोंपू बजे तो बेटा देखेगा ना, कौन आया." कबुतरांनी एवढा गोंधळ घातला नसता तर ते चौकोन कधी बंद झालेच नसते. अम्मांनी संधी साधली. कठड्याचा पट्टा बंद झाला आणि मुलगी परत यायला लागली. बांगड्या अम्मांनी तिच्या लहानपणापासून तिच्यासाठी म्हणून ठेवल्या होत्या. लग्नात देता आल्या नाहीत. एका सकाळी दाण्यांच्या डब्यात घालून वर नेल्या आणि कठड्यावरून तिच्या हातात दिल्या.

"मग बाईवर आळ आला तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोलती तो बेटी का आना फिर बंद. मैंने सोचा, पुलिस पूछेगी, कुछ नहीं मिलेगा, छोड़ देगी."

राग आला मला. त्यांच्यावर आला, शेठवर आला, वरून फोन करणाऱ्यांवर आला. पण त्या म्हातारीवर ओरडून मला काय मिळणार होतं. मी एवढंच म्हटलं, "अम्मा, मी तुमचा जबाब इथे घेऊ शकतो. पण उद्या सकाळी तुम्ही स्वतः ठाण्यात या. ती बाई पण तिथे असेल."

रात्रभर मला वाटत होतं, येणार नाहीत. सकाळी शेठ आधी आले, अटक झाली का विचारायला. बाई बाकावर बसली होती, नवरा तिच्यापासून लांब, दारात. आणि रिक्षातून अम्मा उतरल्या. बरोबर मुलगी, तिच्या हातात रुमालात बांधलेल्या बांगड्या. शेठने बहिणीकडे बघितलंसुद्धा नाही.

अम्मा माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. खुर्ची दिली, बसल्या नाहीत. "मेरी चीज़ थी. मैंने दी. चोरी नहीं हुई. लिखो."

शेठचा चेहरा उतरला. "अम्मा, मुझसे पूछ लेतीं."

"पूछती तो तू देने देता?"

शेठ बाहेर जाऊन उभे राहिले. नंतर आत आले आणि म्हणाले, साहब, केस वापस ले लो. मी त्यांना समजावलं की दाखल झालेला गुन्हा असा मागे घेता येत नाही. तपासात गैरसमज निघाला म्हणून कोर्टाला क समरी म्हणून तसा अहवाल पाठवावा लागतो, कोर्ट मंजूर करेल तेव्हा फाइल बंद. पुढे त्या घरात भाऊ-बहीण बोलायला लागले का, मला ठाऊक नाही.

बाईला मी सांगितलं, तुझ्यावरचं सगळं गेलं, तू मोकळी. मला वाटलं ती रडेल किंवा पाया पडेल. तिने विचारलं, "सायेब, हे तुमी त्या तीन घरी येऊन सांगाल का?"

मी गेलो. गणवेश न घालता गेलो, कारण पोलीस बरोबर दिसला की लोक अजून वेगळाच अर्थ काढतात. पहिल्या घरी दुसरी बाई लावली होती. दुसऱ्या घरी म्हणाले, बघू, कळवतो. तिसऱ्या घरची बाई चांगली शिकलेली होती, मला पाणी दिलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "साहेब, तुमचं खरं आहे. पण पोलिसांत नाव गेलं ना तिचं." अम्मांनी तिला परत कामावर बोलावलं होतं, ती गेली नाही. मला त्यात नवल वाटलं नाही.

आता मी बदलापुरातच, कात्रपला राहतो, आमच्या सोसायटीत दर मजल्यावर कॅमेरा आहे आणि सगळ्यांच्या मोबाइलवर दिवसभर टुंग टुंग चालू असतं. तरुण मंडळी विचारतात, काका, हे अलर्ट कमी कसे करायचे? मी सांगतो, जरूर करा, नाहीतर खरा चोर आला तरी तुम्ही बघणार नाही. पण अमुक जागा वगळा असं कोणी सांगितलं तर ती जागा आधी स्वतः जाऊन बघा. आणि कॅमेऱ्यात दुसरं कोणी दिसलं नाही, म्हणून जो दिसला त्याला धरू नका. जो उघडपणे दारातून येतो तोच कॅमेऱ्यात दिसतो.

ती बाई पुढे नवऱ्यासकट बदलापूरला राहायला आली, वाडी जवळ पडते म्हणून. माझ्या बायकोने तिला आमच्याकडे कामाला ठेवलं. चांगली काही वर्षं होती. पण पहिल्या दिवसापासून तिने एक सुरू केलं. काम झालं, हात पुसले, की निघताना दारात उभी राहायची आणि आपली पिशवी उघडून बायकोसमोर धरायची. बायको म्हणायची, अगं, कशाला, कोणी विचारलंय का तुला? ती म्हणायची, "र्‍हाऊ द्या ताई. दाखवलेली बरी." नंतर नंतर तिची निघायची वेळ झाली की मी उठून आतल्या खोलीत जाऊन बसायला लागलो.